जमीन शाळांची, तरी शाळेला तिचे मोल का द्यावे लागते?

ताई, आपण लिहिले आहे की आपण अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात, उत्तर फीनिक्समध्ये राहता, आपल्या मुलीचा तिसरीचा वर्ग गेली दोन वर्षे पोर्टेबल खोलीत भरतो आहे आणि शाळेच्या बसला जाऊन-येऊन सव्वा तास लागतो. घरासमोरच्या रस्त्यापलीकडे तारेचे कुंपण घातलेली मोठी मोकळी जमीन आहे, तिच्यावर 'स्टेट ट्रस्ट लँड' अशी पाटी आहे, आणि ही जमीन शाळांसाठीच राखलेली असते असे आपल्या वाचनात आले. असे असताना स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आपल्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, सभेत मात्र "ती जमीन विकत घेणे परवडत नाही, फार तर भाडेपट्ट्याचा विचार करू" असे उत्तर मिळाले. आपल्या वडिलांच्या शिक्षणसंस्थेला सातारा जिल्ह्यात सरकारी जमीन नाममात्र भुईभाड्याने मिळाली होती, त्यामुळे हे उत्तर आपल्याला टाळाटाळीचे वाटले. डिस्ट्रिक्ट दिशाभूल करतो आहे का, आणि जमीन घ्यायचीच तर भाड्याने घ्यावी की विकत, असे आपले दोन प्रश्न आहेत.

मी गेली बावीस वर्षे या भागातील स्कूल डिस्ट्रिक्टांसाठी शाळेच्या जागा शोधणे, त्यांची पाहणी करणे, मूल्यांकनाचे अहवाल तपासणे आणि राज्याच्या भूमी खात्याकडे अर्ज तयार करून देणे हेच काम करतो आहे. मी वकील नाही, आणि आपल्या समोरची नेमकी जमीन पाहिल्याशिवाय तिच्याविषयी ठाम काही सांगणे योग्य होणार नाही. जमीन शहराच्या हद्दीत आहे की बाहेर, तिच्यावर आधीच कोणाचा चराईचा पट्टा आहे का, पाणी आणि सांडपाण्याच्या वाहिन्या किती अंतरावर आहेत, यांवर पुष्कळ काही अवलंबून असते. मात्र पहिल्या प्रश्नाचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून नाही. डिस्ट्रिक्टने आपल्याला खोटे सांगितलेले नाही. त्याने अपुरे सांगितले आहे, आणि जो भाग सांगायचा राहिला तोच खरा महत्त्वाचा आहे.

आपली गफलत 'सरकारी जमीन' या शब्दामुळे होते आहे, आणि महाराष्ट्रातून आलेल्या कोणाचीही ती होणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे सरकारी जमिनीचा मालक राज्य शासन असते. 1966 चा जमीन महसूल अधिनियम आणि सरकारी जमिनींच्या विल्हेवाटीचे 1971 चे नियम यांच्या चौकटीत शासन शैक्षणिक प्रयोजनासाठी सवलतीने जमीन देऊ शकते, कारण स्वतःच्या मालकीच्या वस्तूवर किती पाणी सोडायचे हे ठरवण्याचा अधिकार मालकाला असतो. अ‍ॅरिझोनातील ट्रस्ट लँडची गोष्ट वेगळी आहे. तिची तुलना करायचीच असेल तर गावच्या देवस्थान इनामाशी करावी. देवाच्या नावाने दिलेल्या जमिनीचे उत्पन्न दिवाबत्तीला आणि नैवेद्याला जाते, पुजारी ती कसतो किंवा कसून घेतो, पण ती स्वतःच्या नावे करून घेणे किंवा फुकट वाटून टाकणे त्याच्या अधिकारात नसते. अ‍ॅरिझोना राज्य या जमिनीचे असेच वहिवाटदार आहे, आणि येथे देवाच्या जागी राज्यातील सगळ्या सार्वजनिक शाळांमधली मुले आहेत.

हे असे का झाले, ते थोडे मागे जाऊन सांगतो, कारण आजचे सगळे नियम त्यातून निघतात. 1785 च्या भूमी अध्यादेशाने पश्चिमेकडील जमिनींची मोजणी सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा चौकोनांत करायचे ठरले. प्रत्येक चौकोनाचे एक चौरस मैलाचे, म्हणजे 640 एकरांचे, 36 भाग पडत आणि त्यांतला सोळावा भाग शाळांच्या पोषणासाठी बाजूला ठेवला जाई. पुढे कोरड्या, कमी उत्पन्नाच्या प्रदेशांतल्या राज्यांना हा वाटा अपुरा वाटू लागला, म्हणून तो वाढत गेला. अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिको यांना राज्याचा दर्जा देण्यासाठी 20 जून 1910 रोजी जो कायदा झाला, त्यात प्रत्येक चौकोनातले 2, 16, 32 आणि 36 या क्रमांकांचे चार भाग शाळांना मिळाले. जेथे हे भाग आधीच आदिवासींच्या राखीव क्षेत्रात गेले होते किंवा कोणी वसाहतकऱ्याने घेतले होते, तेथे राज्याला बदल्यात दुसरीकडची जमीन निवडता आली. आपल्या घराच्या आसपास एकेका मैलाचे सुटे चौकोन न दिसता सलग मोठे पट्टे दिसतात, त्याचे एक मोठे कारण ही निवड आहे. आज अशी सुमारे 92 लाख एकर जमीन राज्याच्या भूमी खात्याकडे आहे. विद्यापीठे, तुरुंग, अंध-मूकबधिरांच्या संस्था असे इतरही काही लाभार्थी आहेत, परंतु सर्वांत मोठा हिस्सा प्राथमिक आणि माध्यमिक सार्वजनिक शाळांचा आहे.

अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, 1910 मध्ये जमीन देताना अटीही कडक घातल्या, कारण आधीच्या अनेक राज्यांनी शाळांच्या जमिनी ओळखीपाळखीने आणि मातीमोल भावाने घालवल्या होत्या. प्रत्येक जमिनीचे आधी मूल्यांकन झाले पाहिजे आणि त्या मूल्यापेक्षा कमी मोबदल्यात ती देता कामा नये. विक्री किंवा दीर्घ मुदतीचा पट्टा जाहीर लिलावानेच झाला पाहिजे, तो लिलाव त्या कौंटीच्या (जिल्ह्याच्या) मुख्य ठिकाणी झाला पाहिजे, आणि त्याआधी सलग दहा आठवडे राजधानीतल्या आणि जमिनीजवळच्या वृत्तपत्रात जाहिरात आली पाहिजे. या अटी मोडून केलेला व्यवहार रद्दबातल ठरतो. याच अटी राज्याच्या घटनेच्या दहाव्या अनुच्छेदात घेतलेल्या आहेत, त्यामुळे विधिमंडळाने ठरवले तरी साध्या कायद्याने त्या सैल करता येत नाहीत.

यावर आपण म्हणाल की सर्व अटी मान्य, पण शाळांसाठी असलेली जमीन शाळेलाच दिली तर विश्वस्ताने कोणाचे नुकसान केले? हा प्रश्न मला आजवर पालकांनी, शिक्षकांनी आणि दोन-तीन वेळा नव्याने निवडून आलेल्या बोर्ड सदस्यांनीही विचारला आहे. त्याचे उत्तर असे की जमीन 'शाळांची' आहे, 'त्या शाळेची' नाही. समजा आपल्या डिस्ट्रिक्टला पंधरा एकर फुकट मिळाले. तेवढ्या जमिनीचे मोल कायम निधीत, म्हणजे विक्रीची रक्कम शाळांसाठी गुंतवून ठेवणाऱ्या राज्याच्या निधीत, गेले असते आणि त्याचे उत्पन्न युमापासून नावाहो प्रदेशातल्या शाळांपर्यंत सगळीकडे वाटले गेले असते. ते आता जाणार नाही. म्हणजे फीनिक्सच्या वाढत्या उपनगराला दिलेली भेट ही प्रत्यक्षात दूरच्या एखाद्या लहान गावच्या मुलांच्या हिश्श्यातून दिलेली भेट ठरते. शहराजवळच्या जमिनीचा भाव सर्वांत जास्त असतो, म्हणून हे नुकसानही सर्वांत मोठे असते. मला हा नियम सुरुवातीला जाचक वाटत असे. आता मी तो न्याय्य मानतो, आणि माझ्या अशिलांना त्याचा त्रास होतो हे ठाऊक असूनही मानतो.

न्यायालयांनी हा मुद्दा दोन निर्णयांत निकालात काढला आहे. पहिला 1967 चा, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा. अ‍ॅरिझोनाच्या महामार्ग खात्याला ट्रस्ट लँडमधून रस्ता न्यायचा होता, आणि रस्त्यामुळे उरलेल्या जमिनीचा भाव वाढतो, तेव्हा वेगळा मोबदला कशाला, असा त्याचा युक्तिवाद होता. न्यायालयाने सांगितले की महामार्गासाठी लिलावाची गरज नाही, पण पूर्ण मूल्य रोख रकमेत द्यावेच लागेल. दुसरा निर्णय आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. 1988 मध्ये डीअर व्हॅली युनिफाइड या डिस्ट्रिक्टचे प्रकरण अ‍ॅरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले. शाळेसाठी हवी असलेली ट्रस्ट लँड सक्तीच्या भूसंपादनाने, योग्य मोबदला देऊन घेऊ द्यावी, अशी डिस्ट्रिक्टची मागणी होती. न्यायालयाने ती नाकारली. राज्यघटनेत विक्रीचा मार्ग जाहीर लिलाव असा सांगितला आहे, आणि खरेदी करणारा स्कूल डिस्ट्रिक्ट असला, हेतू शाळेचा असला, तरी तो मार्ग चुकवता येणार नाही. दोन वर्षांनी त्याच न्यायालयाने लिलावाविना जमिनींची अदलाबदल करण्याचा मार्गही बंद केला, आणि तो काही ठरावीक हेतूंपुरता उघडायला 2012 मध्ये मतदारांना घटनादुरुस्ती करावी लागली.

येथवरचे थोडक्यात असे की आपल्या डिस्ट्रिक्टला ही जमीन फुकट किंवा सवलतीने मागता येत नाही, संपादनाने घेता येत नाही आणि भूमी खात्याशी आपसांत भाव ठरवून विकतही घेता येत नाही. त्याच्यापुढे तीन वाटा उरतात: लिलावात उतरून खरेदी, लिलावातून मिळणारा दीर्घ पट्टा, आणि लिलावाविना मिळणारा दहा वर्षांपर्यंतचा अल्प मुदतीचा पट्टा.

हे सर्व राज्यांत असेच आहे असे मात्र समजू नये. आपल्या ओळखीचे कोणी सिअ‍ॅटलकडे असेल आणि "आमच्याकडे तर डिस्ट्रिक्टने सरळ राज्याकडून जमीन घेतली" असे सांगत असेल, तर तेही खरे असू शकते. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात सार्वजनिक संस्थांना लिलावाविना, पण पूर्ण बाजारमूल्याने, जमीन देण्याची सोय आहे. मिसिसिपीमध्ये तर सोळाव्या भागाच्या जमिनींचा कारभार स्थानिक शाळा मंडळाकडेच असतो. प्रत्येक राज्याला कोणत्या वर्षी, कोणत्या अटींवर जमीन मिळाली यावर हे ठरते. मूल्य पूर्ण द्यावे लागते ही गोष्ट बहुतेक ठिकाणी समान आहे, फरक पडतो तो ते मूल्य ठरवण्याच्या रीतीत.

आता भाडेपट्टा की खरेदी. दहा वर्षांच्या पट्ट्याचे आकर्षण उघड आहे. दहा आठवड्यांची जाहिरात नाही, बोली नाही, मोठी रक्कम एकदम उभी करावी लागत नाही. परंतु शाळेची पक्की इमारत पन्नास वर्षांसाठी बांधलेली असते आणि ती दहा वर्षांच्या हक्कावर उभी करणे म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर आंबा लावण्यासारखे आहे. मी एका डिस्ट्रिक्टसोबत हा अनुभव घेतला आहे. त्यांनी अल्प मुदतीच्या पट्ट्यावर सहा पोर्टेबल वर्गखोल्या, बस वळवायला डांबरी चौक आणि एक सावलीचे मैदान केले. आठव्या वर्षी भोवतालच्या मोठ्या जमिनीचा एकत्रित आराखडा तयार होऊ लागला आणि मुदत वाढण्याची शाश्वती राहिली नाही. खोल्या उचलून नेता आल्या. डांबर, वाहिन्या आणि आठ वर्षांत वाढलेली पालो वेर्देची झाडे नेता आली नाहीत. खोल्या ट्रेलरवर चढत होत्या त्या सकाळी मी तेथे होतो. एका खोलीच्या तळाच्या पट्टीवर मुलांनी खडूने काढलेल्या उंचीच्या रेघा, नावांसकट, तशाच होत्या. त्या पट्ट्याचा कागद मीच तपासला होता, आणि मुदतवाढीचे कलम कच्चे आहे हे मी तेव्हा अधिक जोराने सांगायला हवे होते, ही बोच मला अजून आहे.

म्हणून अल्प पट्टा मी दोनच गोष्टींसाठी सुचवतो: उचलून नेता येतील अशा तात्पुरत्या वर्गांसाठी, किंवा खेळाचे मैदान आणि बसचा तळ यांसारख्या उपयोगासाठी, तोही शेजारची मूळ जागा डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या मालकीची असेल तर.

दीर्घ पट्टा 99 वर्षांपर्यंत मिळू शकतो आणि त्यावर पक्के बांधकाम करता येते. तो घ्यावा की खरेदी करावी, याचा हिशेब मी कसा मांडतो ते दाखवतो. पुढचे आकडे केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत, आपल्या समोरच्या जमिनीचे नाहीत. पंधरा एकर, एकरी एक लाख डॉलर, म्हणजे किंमत 15 लाख. भाडे मूल्याच्या 6 टक्के धरले तर वर्षाला 90,000 डॉलर. भाडे वाढलेच नाही तरी सतरा वर्षांत किमतीइतके भाडे भरून होते आणि अठराव्या वर्षी डिस्ट्रिक्टच्या हाती काहीच नसते. प्रत्यक्षात भाडे वाढते, कारण ठरावीक वर्षांनी फेरमूल्यांकनाचे कलम असते. शाळा झाली की भोवती घरे येतात, घरे आली की भाव चढतो, आणि तो चढलेला भाव डिस्ट्रिक्टच्याच भाड्यात येऊन बसतो.

याहून महत्त्वाचे म्हणजे पैसा कोणत्या खिशातून जातो. खरेदीची रक्कम बहुधा बाँडमधून, म्हणजे डिस्ट्रिक्टने काढलेल्या कर्जरोख्यांतून, किंवा भांडवली निधीतून येते. बाँड काढायला मतदारांची मंजुरी लागते, हे कष्टाचे काम आहे, पण एकदा झाले की झाले. भाडे मात्र बहुधा चालू खर्चावर पडते, आणि चालू खर्च म्हणजे मुख्यतः शिक्षकांचे पगार. वर्षाला 90,000 डॉलर म्हणजे साधारण एका अनुभवी शिक्षकाची जागा, सर्व भत्ते धरून. सभेत भाडेपट्ट्याचे नाव निघाले की मी बोर्डाला हा एकच प्रश्न विचारतो: दरवर्षी कोणता वर्ग कमी करणार आहात?

कधी कधी असा युक्तिवाद ऐकू येतो की भाडे तरी शाळांनाच परत मिळते, मग काळजी कसली. परत मिळते हे खरे. विक्रीची रक्कम कायम निधीत गुंतवली जाते, तर भाड्याचे उत्पन्न त्या त्या वर्षी लाभार्थ्यांसाठी खर्चायला उपलब्ध होते. पण राज्यातल्या सार्वजनिक शाळांत सुमारे 11 लाख मुले आहेत. आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये 30,000 मुले आहेत असे धरले तर त्याचा हिस्सा पावणेतीन टक्क्यांच्या आसपास येतो. दिलेल्या शंभर डॉलरांतले जेमतेम तीन डॉलर घरी येतात. त्या परतीवर अंदाजपत्रक उभारू नये.

तरीही दीर्घ पट्टा योग्य ठरेल अशी परिस्थिती असते. डिस्ट्रिक्टची बाँडची मर्यादा संपली आहे, मुले मात्र पुढच्याच वर्षी येणार आहेत, आणि दुसरी जागाच नाही, अशा वेळी पट्टा घ्यावा. त्यात फेरमूल्यांकन मोकळ्या जमिनीचे होईल की बांधकामासह, मुदत संपल्यावर इमारतीचे काय होईल, आणि पुढे जमीन लिलावाला निघाली व दुसऱ्याने बोली जिंकली तर इमारतीचा मोबदला कोण व कसा देईल, हे शब्द सही करण्याआधी स्वच्छ लिहून घ्यावेत. शिपायापासून अधीक्षकांपर्यंत सर्व माणसे पट्टा संपेपर्यंत बदललेली असतात, तेव्हा तोंडी ठरलेले काहीही उपयोगी पडत नाही.

लिलाव म्हटले की डिस्ट्रिक्टचे लोक धास्तावतात, कारण त्यांना वाटते की कोणी मोठा बिल्डर येऊन भाव चढवील. असे होतेही. परंतु अनेक लिलावांत एकच बोली येते आणि जमीन मूल्यांकनाच्या किमतीलाच जाते. आपल्याच बाजूचे उदाहरण पाहा. तैवानच्या टीएसएमसी कंपनीने 2020 च्या डिसेंबरमध्ये उत्तर फीनिक्समधली 1,100 एकरांहून अधिक ट्रस्ट लँड लिलावात सुमारे 8 कोटी 90 लाख डॉलरना घेतली, तेव्हा दुसरी बोलीच आली नव्हती. जमिनीचा आराखडा, वाहिन्या, रस्ते यांची तयारी एकाच पक्षाच्या गरजेशी जुळलेली असली की इतरांना तिच्यात फारसा रस उरत नाही. शाळेच्या बाबतीतही हेच घडू शकते, पण त्यासाठी शहराच्या विकास आराखड्यात ती जागा आधीच शाळेची म्हणून दाखवलेली असावी लागते.

माझ्या अनुभवात खरी लढाई येथे, लिलावाच्या कितीतरी आधी, जिंकली किंवा हरली जाते. भूमी खाते जमिनीचा मोठा तुकडा बिल्डरला विकण्याआधी शहराबरोबर त्याचा आराखडा ठरवते. त्या बैठकांत डिस्ट्रिक्टचा माणूस बसलेला असेल, किती घरे येणार, त्यांतून किती मुले येणार याचे आकडे त्याने मांडलेले असतील, तर शाळेची जागा राखून ठेवण्याची अट शहर घालू शकते. मग जमीन कोणीही घेवो, डिस्ट्रिक्टला ती जागा पुढे त्या बिल्डरकडून मिळते, पुष्कळदा देणगी म्हणून, कारण जवळ शाळा असलेले घर लवकर विकले जाते हे बिल्डरला कळते. ट्रस्टला पूर्ण मोल मिळालेले असते आणि डिस्ट्रिक्टच्या तिजोरीवर भारही पडत नाही. उशिरा जागा झालेला डिस्ट्रिक्ट मात्र त्याच जागेसाठी घरबांधणीचा भाव मोजतो.

भाव परवडला तरी जमीन पायी फिरून पाहिल्याखेरीज अर्ज करू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. वाळवंटी जमीन लांबून सपाट आणि रिकामी दिसते, तशी ती नसते. एका डिस्ट्रिक्टला वीस एकरांचा चौकोन नकाशावर पसंत पडला होता. परवानगी काढून आम्ही जुलैमध्ये पहाटे साडेपाचला तेथे गेलो. कोपऱ्यावर सरकारी मोजणीची पितळी चकती, तिच्यावर भागांचे क्रमांक कोरलेले, सगळे ठाकठीक होते. चारशे पावले गेल्यावर जमीन हलकेच खाली उतरली आणि पायाखाली मऊ, बारीक वाळू लागली. कोरडा ओढा होता, ज्याला येथे वॉश म्हणतात. दोन्ही काठांच्या झाडांत माझ्या कमरेच्या उंचीवर काटक्या, गवत आणि एक फाटका प्लास्टिकचा कॅन अडकलेला होता. पावसाळ्यात पाणी कुठवर येते हे त्या कॅनने सांगितले. वीसपैकी जेमतेम अकरा एकर बांधकामाला योग्य निघाले. प्राथमिक शाळेला दहा एकर आणि प्रत्येक शंभर मुलांमागे आणखी एक एकर हा जुना ठोकताळा मी अजून वापरतो. सहाशे मुलांसाठी त्या हिशेबाने सोळा लागले असते. शिवाय वॉशच्या पलीकडे दहा-बारा साग्वारो (उंच निवडुंग) होते, ज्यांना राज्याच्या कायद्याचे संरक्षण आहे आणि जे सुखासुखी हलवता येत नाहीत. राज्याच्या जमिनीवर बांधण्याआधी पुरातत्त्वीय पाहणीही करावी लागते, आणि फीनिक्सच्या खोऱ्यात होहोकाम लोकांच्या जुन्या वस्त्यांच्या खुणा निघणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. हा सर्व वेळ आणि खर्च किमतीच्या वर असतो. अर्जापासून ताब्यापर्यंत दीड-दोन वर्षे सहज जातात, आणि मी त्याहून दुप्पट वेळ लागलेली प्रकरणेही हाताळली आहेत.

आपल्याला प्रत्यक्ष काय करता येईल ते सांगतो. भूमी खात्याच्या संकेतस्थळावरील नकाशात आपल्या समोरच्या जमिनीवर जाऊन तिचा लाभार्थी कोण आहे आणि सध्या तिच्यावर कोणता पट्टा आहे ते पाहा. ती जमीन शाळांच्या नव्हे, दुसऱ्याच एखाद्या संस्थेच्या हिश्श्याची निघण्याची शक्यता आहे. नंतर शहराच्या नियोजन खात्यात त्या भागाचा आराखडा मागा आणि त्यात शाळेची जागा दाखवली आहे का ते पाहा. त्यानंतर बोर्डाच्या सभेत, नागरिकांच्या बोलण्यासाठी राखलेल्या वेळात, "जमीन फुकट का घेत नाही" हे न विचारता, या भागातल्या ट्रस्ट लँडसाठी डिस्ट्रिक्टने भूमी खात्याकडे अर्ज केला आहे का, केला असेल तर कोणत्या तारखेला, आणि शहराच्या आराखड्याच्या बैठकांना डिस्ट्रिक्टतर्फे कोण जाते, हे विचारा. या उत्तरांना कागदाचा आधार असतो आणि सार्वजनिक अभिलेखांच्या कायद्याने ते कागद आपल्याला मागता येतात. अर्ज झालेला असेल तर त्याचा क्रमांक लिहून घ्या, म्हणजे पुढची चौकशी थेट भूमी खात्याकडे करता येईल. अर्ज झालेला नसेल, तर तो विषय पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा अशी मागणी लेखी द्या, आणि तिच्यावर आपल्याबरोबर त्या पोर्टेबल वर्गांतल्या इतर पालकांच्याही सह्या घ्या.